बॅकला कोण उभं राहणार?

इतिहासाच्या पुस्तकात किल्ला जिंकणाऱ्याचं नाव असतं, किल्ला राखणाऱ्याचं क्वचितच. बाजीप्रभू आणि मुरारबाजी हे अपवाद, पण त्यांनाही त्यासाठी मरावं लागलं. जो हवालदार वीस वर्षं एखाद्या गडाचा दरवाजा नीट राखून पुढे म्हातारा होऊन घरी गेला, त्याचं नाव बखरीत नाही. का असेल? काही घडलंच नाही ना! दरवाजा शाबूत राहिला, एवढंच.

फुटबॉलमध्येही असाच एक हवालदार असतो. त्याला डिफेंडर म्हणतात, आपल्याकडची मुलं 'बॅक' म्हणतात. मी तीस-बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. पी.टी.चे सर रजेवर असले की तास माझ्या गळ्यात पडायचा. संघ पाडताना सगळ्यांना फॉरवर्ड व्हायचं असायचं. जाडा मुलगा गोलकीपर, आणि ज्याला नाही म्हणता येत नाही असा एखादा गरीब पोरगा बॅकला. हा न्याय मी प्रत्येक तुकडीत पाहिला.

आज ज्याच्याविषयी लिहायचं आहे तो असाच आयुष्यभर बॅकला उभा राहिलेला माणूस. डेरिक परेरा. वाचकांपैकी पुष्कळांनी हे नाव ऐकलेलं नसेल, आणि ज्यांनी ऐकलं असेल त्यातल्या काहींना तो पोर्तुगालचा वाटेल. आमच्या कट्ट्यावर मी नाव काढलं तेव्हा एका निवृत्त बँकवाल्यांनी लगेच विचारलं, "रोनाल्डोच्या टीममधला का हो?" नाही. आपल्या गोव्याचा. पण त्याचं आपल्या पुण्याशी नातं आहे, आणि ते रहाटणीपासून फार लांब नाही. डांगे चौकातून वाकडला जा, हायवेने मुळा नदी ओलांडा, की बालेवाडीचं क्रीडासंकुल. तिथेच त्याची काही वर्षं गेली.

आडनावाचं आधी सांगून टाकतो. गोवा १९६१ च्या डिसेंबरपर्यंत पोर्तुगालच्या ताब्यात होता हे आपण सगळे शिकलो. म्हणून गोव्याचा फुटबॉल पोर्तुगीजांनी दिला असं धरून चालतो. गंमत अशी की गोव्यात हे सांगतात की फुटबॉल आणला तो एका आयरिश पाद्र्याने, फादर विल्यम लायन्स यांनी, १८८३ साली, शिवोलीत. तेही तब्येत सुधारायला गोव्यात आले होते म्हणे! पुढे चर्चच्या शाळांमधून हा खेळ गावोगाव गेला. भात कापून झाल्यावर रिकाम्या शेतात पोरं खेळायची. पोर्तुगीज सरकारने क्लबांना नावं दिली, करंडक दिले, पण खेळ आधीच मातीत रुजला होता.

पोर्तुगालला मात्र आपल्या वसाहतींतले खेळाडू चांगले ठाऊक होते. १९६६ च्या विश्वचषकात पोर्तुगाल तिसरा आला. त्या संघातला युसेबियो जगाला माहीत आहे, नऊ गोल केले त्याने. पण तो मोझांबिकचा. कप्तान कोलुना मोझांबिकचा. डावा बॅक इलारियो मोझांबिकचा. आणि मधला बॅक व्हिसेंते लुकास, तोही तिथलाच. या व्हिसेंतेची ख्याती अशी की पेलेला धसमुसळेपणा न करता अडवणारा माणूस. विश्वचषकाच्या त्या सामन्यात पेलेला लाथाडून जायबंदी केलं ते दुसऱ्याच एका पोर्तुगीज बॅकने, व्हिसेंतेने नव्हे. त्याच वर्षी मोटार अपघातात व्हिसेंतेच्या एका डोळ्याची दृष्टी गेली आणि कारकीर्द तिथेच संपली. युसेबियोचा पुतळा लिस्बनला उभा आहे. व्हिसेंतेचं नाव मी आमच्या कट्ट्यावर घेतलं तर 'कोण?' असंच येईल.

गोव्याचे खेळाडू मात्र लिस्बनपेक्षा मुंबईकडे बघत होते, कारण मुंबईत नोकरी होती. कोलवाळचा फोर्तुनातो फ्रँको हाफबॅक. मुंबईत टाटांच्या संघातून खेळला, १९६० च्या रोम ऑलिंपिकच्या भारतीय संघात होता आणि १९६२ साली जकार्ताला भारताने एशियाडचं सुवर्णपदक जिंकलं त्या संघातही. त्या अंतिम सामन्याची एक गोष्ट मी वर्गात नेहमी सांगायचो. जर्नेल सिंग हा भारताचा सर्वांत मोठा बॅक. त्याच्या डोक्याला आधीच्या सामन्यात जखम झाली होती, टाके पडले होते. बॅकला उभं राहून हेडिंग करणं कठीण, म्हणून प्रशिक्षक रहीम साहेबांनी त्याला पुढे फॉरवर्डला घातलं. आणि त्याने दक्षिण कोरियावर गोल केला, तोही डोक्याने! दुसरा गोल पी. के. बॅनर्जींचा. भारत २-१ ने जिंकला. आता बघा, जर्नेल सिंगची आठवण निघाली की लोक तो गोलच सांगतात. त्याने आयुष्यभर जे अडवलं त्याचा हिशोब कुणाकडे नाही.

असो. परेराकडे वळतो.

खेळाडू म्हणून त्याला 'तो' म्हणतो आणि प्रशिक्षक झाल्यावर 'ते' म्हणेन. मराठीत हा चांगला रिवाज आहे. वर्तमानपत्रात सुद्धा तेंडुलकर खेळत होता तोवर 'तो' होता.

डेरिक परेरा खेळला तो मुख्यतः साळगावकर क्लबकडून, हिरव्या-पांढऱ्या जर्सीत. हा क्लब १९५६ चा, म्हणजे गोवा मुक्त व्हायच्या आधीचा, आणि खाणमालकांचा. गोव्यातल्या मोठ्या क्लबांची नावं बघितली की लक्षात येतं, साळगावकर, धेंपो, सेसा, सगळे खाणीच्या पैशावर उभे. जमिनीतून लोखंडाचा दगड निघायचा, बार्जवर चढायचा, जपानला जायचा, आणि त्यातले चार पैसे अकरा पोरांच्या बुटांवर खर्च व्हायचे. कोल्हापूरला जे तालमींनी केलं ते गोव्यात खाणींनी केलं. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम असे संघ आहेत. कुस्तीच्या आखाड्यांनी फुटबॉल पाळला, जगात दुसरीकडे कुठे असं असेल असं वाटत नाही. पण तालीम लोकवर्गणीवर चालते, म्हणून ती बंद पडत नाही. खाणीचं तसं नाही. ते पुढे येईलच.

ऐंशीचं दशक हे गोव्याच्या फुटबॉलचं चढतं दशक. १९८३-८४ साली गोव्याने मद्रासला संतोष ट्रॉफी जिंकली. कप्तान होता गोलकीपर ब्रह्मानंद शंखवाळकर, ज्याला पुढे अर्जुन पुरस्कार मिळाला आणि २०२२ साली पद्मश्री. १९८८ साली साळगावकरने फेडरेशन कप जिंकला. तोवर गोव्यातल्या एकाही क्लबला तो मिळाला नव्हता. नुसता जिंकला नाही, १९८९ साली पुन्हा जिंकला. कलकत्त्याच्या मोहन बागान-ईस्ट बंगालला हा मोठा धक्का होता. त्या काळात साळगावकरच्या मागच्या फळीत परेरा होता, आणि भारताच्या संघातूनही खेळला.

ज्यांना खेळाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं समजावून सांगतो, कारण बॅकचं काम कळल्याशिवाय या माणसाची किंमत कळणार नाही. ऑफसाइड नावाचा नियम आहे. चेंडू पुढे टाकला जातो त्या क्षणी प्रतिस्पर्धी आणि गोलरेषा यांच्यामध्ये तुमचे निदान दोन खेळाडू असावे लागतात. त्यातला एक बहुधा गोलकीपर. म्हणजे शेवटचा बॅक जिथे उभा राहील तिथे एक न दिसणारी रेघ आखली जाते. सगळे बॅक एका ओळीत पुढे सरकले की प्रतिस्पर्धी बाद. पण चौघांतला एकजण अर्धं पाऊल मागे राहिला की सगळी रेघ मोडते आणि समोरचा एकटा गोलकीपरच्या अंगावर. १९९० साली नियम बॅकसाठी आणखी कडक झाला, बॅकच्या बरोबरीने उभा असलेला फॉरवर्ड आता ऑफसाइड धरला जाईना. १९९२ साली दुसरा घाव. तोवर संकटात सापडलेला बॅक चेंडू सरळ आपल्या गोलकीपरकडे परत द्यायचा, तो हातात घ्यायचा, सगळे श्वास घ्यायचे. ती सोय गेली. मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही. म्हणजे ज्यांनी ऐंशीच्या दशकात बॅकचा धंदा शिकला त्यांना तिशीत पुन्हा शाळेत बसावं लागलं. आमचा अभ्यासक्रम बदलला की आम्ही शिक्षक केवढी कुरकुर करायचो! परेराची अख्खी पिढी या बदलातून गेली. मला वाटतं, या पिढीतून चांगले प्रशिक्षक निघाले त्याचं एक कारण हेच असावं. ज्याला एकच गोष्ट दोनदा शिकावी लागते, त्याला ती शिकवता येते.

बूट काढल्यावर परेरा प्रशिक्षक झाले. त्यांचं पहिलं मोठं यश गोव्यात नाही, आपल्या महाराष्ट्रात. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा कंपनीचा संघ, १९६२ साली सुरू झालेला. २००५-०६ च्या मोसमात या संघाने राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली, आणि प्रशिक्षक होते डेरिक परेरा. महाराष्ट्रातल्या क्लबला ही लीग त्याआधी कधी मिळाली नव्हती, आणि नंतर त्या नावाने ती लीग राहिलीच नाही. २००७ पासून तिची आय-लीग झाली. पुढच्या फळीत ब्राझीलचा जोस बारेटो, घानाचा युसुफ याकुबू, म्हणजे फोटो त्यांचेच छापून आले. कूपरेजवर जिंकलेली ती लीग मुंबईच्या वर्तमानपत्रांनी क्रिकेटच्या बातमीखाली घातली असणार, यात मला शंका नाही.

आणि २०१० साली महिंद्राने हा संघ बंद केला. कंपनीचं म्हणणं असं की यापुढे शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर भर द्यायचा. तसा त्यांनी काही उपक्रम केलाही. पण अठ्ठेचाळीस वर्षांचा संघ गेला तो गेला. आता आपल्या भागातल्या वाचकांना एक गोष्ट सांगतो. त्याच सुमाराला महिंद्राचा चाकणचा मोठा कारखाना सुरू झाला. माझे किती विद्यार्थी तिथे लागले! कुणी वेल्डिंगला, कुणी पेंटशॉपला, कुणी ठेकेदाराकडे. एकीकडे हजारो पोरांची पोटं लागली, दुसरीकडे पंचवीस खेळाडूंचा एक संघ मिटला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. मी तो जोडतही नाही. पण तारखा शेजारी शेजारी मांडायची माझी जुनी खोड आहे.

पुढे परेरा पुण्याला आले, पुणे एफ.सी.कडे. २००७ साली अशोक पिरामल समूहाने काढलेला हा क्लब. बालेवाडीचं संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धेसाठी पुन्हा नटवलेलं. एवढं मोठं मैदान, पण रोज खेळणारं कुणी नाही. त्याला या क्लबमुळे घरचा धनी मिळाला. २००९ साली संघ आय-लीगमध्ये चढला, पहिल्याच मोसमात तिसरा आला. आणि परेरांच्या हाताखाली २०१२-१३ च्या मोसमात दुसरा. चर्चिल ब्रदर्स पहिला, पुणे दुसरा, कलकत्त्याचे दोन्ही दिग्गज पुण्याच्या खाली! पुण्याने हे लक्षात ठेवलं का? एवढंच सांगतो की आमच्या कट्ट्यावर एकालाही ठाऊक नव्हतं.

त्या मोसमात मी एक सामना पाहिला. माझा एक जुना विद्यार्थी, काळेवाडीत राहायचा, शाळेत कायम बॅकला. त्याचं नाव लिहीत नाही, त्याला आवडणार नाही. दहावीनंतर त्याला फुटबॉलच्या निवड चाचणीला जायचं होतं. वडील भोसरीला एका कारखान्यात टर्नर. ते मला शाळेत भेटायला आले, चप्पल दाराबाहेर काढून उभे राहिले आणि एकच प्रश्न विचारला, "सर, यात नोकरी हाय का?" मी म्हटलं, रेल्वे, पोलीस, बँका, कंपन्या खेळाडूंना घेतात. ते म्हणाले, "घेतात, का घेत होते?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मुलगा आय.टी.आय.ला गेला, फिटर झाला, आज चाकणला आहे, घर-संसार व्यवस्थित.

तर त्याने मला मोटारसायकलवर बालेवाडीला नेलं. स्टेडियम प्रचंड, माणसं इकडे-तिकडे शिंपडल्यासारखी. मी आपला चेंडूकडे बघत होतो. थोड्या वेळाने तो म्हणाला, "सर, बॉल बघू नका. त्या चौघांना बघा." मी पाहिलं. चेंडू उजवीकडे गेला की चौघंही उजवीकडे सरकायचे, दोरीला बांधल्यासारखे. त्यातला एक सतत हात हलवून, ओरडून बाकीच्यांना जागेवर आणत होता. "तो मल्याळी आहे," माझा विद्यार्थी म्हणाला, "अनस. बघत राहा, इंडिया खेळेल." बाजूच्या रेषेवर परेरा उभे होते. लांबून चेहरा दिसत नव्हता, पण तेही चेंडूकडे बघत नव्हते, हे मी शपथेवर सांगतो.

अनस एडथोडिकाची गोष्ट खरोखर सांगण्यासारखी आहे. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोंडोट्टीचा. घरची परिस्थिती अशी की तरुणपणी रिक्षा चालवली. आधी मुंबई एफ.सी.कडून खेळला आणि २०११ पासून पुणे एफ.सी.कडून. चार वर्षं तो बालेवाडीत घडला. भारताच्या संघात पहिला सामना खेळायला त्याला २०१७ साल उजाडलं, तेव्हा तो तिशीचा झाला होता. त्याच वर्षी आयएसएलच्या खेळाडू निवडीत जमशेदपूरने त्याला सर्वांत आधी उचललं, एक कोटी दहा लाख रुपयांना. त्या निवडीत याहून जास्त रक्कम कुणालाच मिळाली नाही. बॅकला, सर्वांत आधी! मला त्या दिवशी शाळेतल्या सगळ्या गरीब पोरांची आठवण झाली.

आणि पुढे काय झालं बघा. जानेवारी २०१९, आशिया चषक, शारजा. बहारीनशी बरोबरी साधली तरी भारत पुढच्या फेरीत जाण्याची आशा होती. अनस पहिल्या काही मिनिटांतच दुखापतीने बाहेर गेला. त्याच्या जागी सलाम रंजन सिंग आला. नव्वद मिनिटं फळी टिकली. त्यानंतरच्या वाढीव वेळात पेनल्टी, गोल, भारत बाहेर. पाठोपाठ अनसने आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली. 

पुण्याचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं सुख नाही. मामुर्डीला, म्हणजे आपल्या देहूरोडच्या अलीकडे, पुणे एफ.सी.ची अकादमी होती. देशभरची पोरं तिथे राहायची. केरळचा आशिक कुरुनियन तिथूनच वर आला. २०१४-१५ हा क्लबचा शेवटचा मोसम, मग मालकांनी हात काढून घेतला. त्याच मोसमात कल्याणी समूहाचा भारत एफ.सी. आला आणि एकाच मोसमात गेला. डीएसके शिवाजीयन्स आला, इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबशी करार करून अकादमी काढली, २०१७ मध्ये तोही संपला. एफ.सी. पुणे सिटी २०१४ पासून आयएसएलमध्ये होता, पुणे एफ.सी.ची अकादमी पुढे त्यांनीच घेतली. २०१९ मध्ये त्यांचाही गाशा गुंडाळला आणि ती जागा हैदराबादला गेली. बारा वर्षांत चार संघ. मुंबईत पुढे मुंबई सिटीने आयएसएल जिंकली, दोनदा, पण पुण्याचा संघ त्या लीगमध्ये पुन्हा आला नाही.

यातल्या दोन संघांचे प्रशिक्षक परेरा होते. पुणे एफ.सी. तर झालाच, आणि २०१५-१६ मध्ये डीएसके शिवाजीयन्स. त्या वर्षी संघ तळाला राहिला. थेट प्रवेश मिळालेला असल्यामुळे खाली घसरायची भीती नव्हती, एवढंच. नवा संघ, नवी पोरं, आणि दोन वर्षांत सगळंच आटोपणार हे तेव्हा कुणाला ठाऊक?

मधल्या काळात, २०१३ ते २०१५, ते आपल्या जुन्या घरी, साळगावकरला होते. २०१४ ची ड्युरँड कप स्पर्धा गोव्यात झाली. अंतिम सामन्यात साळगावकर आणि समोर कोण? पुणे एफ.सी.! साळगावकर १-० ने जिंकला. म्हणजे परेरांनी जो संघ वर्षानुवर्षं घडवला, त्याचीच फळी कशी फोडायची हे त्यांना शोधावं लागलं. १-० हा मला बॅकच्या माणसाचा निकाल वाटतो. एक मारायचा आणि दरवाजा लावून घ्यायचा.

पुणे एफ.सी.ला त्यानंतर एकच आय-लीग मिळाली. साळगावकरलाही दीडच वर्ष. गोव्यात २०१२ मध्ये खाणकाम बंद पडलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने त्यावर बंदी घातली होती. क्लबांनी मात्र जे कारण दिलं ते वेगळं होतं. देशातली पहिली लीग आयएसएल असेल, आय-लीग खाली जाईल, असा महासंघाचा आराखडा आला. पैसे भरून मिळणारी जागा वर आणि साठ वर्षं खेळून मिळवलेली जागा खाली! याचा निषेध म्हणून २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपोही. मला तो निषेध बरोबर वाटतो. पण हेही खरं की खाणी जोरात असत्या तर निषेध इतक्या लवकर झाला असता का, हा प्रश्न इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारायलाच हवा. धेंपो आठ वर्षांनी, २०२४-२५ मध्ये, आय-लीगमध्ये परत आला.

धेंपोचं नाव निघालं म्हणून महेश गवळी आणि समीर नाईक यांना विसरून चालणार नाही. दोघेही गोव्याचे, दोघेही बॅक. गवळी टाटांच्या जमशेदपूरच्या अकादमीत शिकला. आपल्याकडे टाटा म्हणजे ट्रक, तिकडे टाटा म्हणजे फुटबॉल सुद्धा. २००३ साली ईस्ट बंगालने जकार्ताला आसियान क्लब स्पर्धा जिंकली तेव्हा तो त्या संघात होता. मग धेंपोत आला. आर्मांदो कुलासो यांच्या हाताखाली धेंपोने २००५ ते २०१२ या काळात पाच राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. गवळी-नाईक जोडी त्यातल्या बहुतेकांत होती. २००८ मध्ये धेंपो एएफसी कपच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. आडनाव परेरा नसून गवळी असल्यामुळे तरी मराठी माणसाला तो आठवायला हरकत नव्हती.

खरेखुरे पोर्तुगीज बॅकही मधल्या काळात भारतात येऊन गेले. एन्रिक सेरेनो पोर्तोसारख्या नामांकित क्लबकडून खेळलेला. २०१६ च्या आयएसएल अंतिम सामन्यात कोची इथे केरळ ब्लास्टर्स पुढे होता, तेव्हा कलकत्त्याकडून बरोबरीचा गोल याच बॅकने डोक्याने मारला, आणि पेनल्टीवर कलकत्ता जिंकला. पुढच्या मोसमात तो चेन्नईकडून खेळला आणि तोही संघ विजेता. बॅकने गोल मारला की त्याचं नाव उरतं, जर्नेल सिंगचं उरलं तसं. सेरेनो दोन वर्षं राहिला, दोन विजेतेपदं घेऊन परत गेला. मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याच्याकडून फळी धरायला शिकलेली पोरं किती, आणि परेरांकडून किती, असा हिशोब कुणी मांडला तर मला वाचायला आवडेल.

परेरांनी २०१७ मध्ये काही काळ चर्चिल ब्रदर्स सांभाळला. मग एफ.सी. गोवाकडे गेले, तिथे तांत्रिक संचालक झाले. २०१९ मध्ये भारताचा तेवीस वर्षांखालचा संघ त्यांच्याकडे होता. डिसेंबर २०२१ मध्ये एफ.सी. गोवाचे स्पॅनिश प्रशिक्षक हुआन फेरांडो मोसमाच्या मध्यातच कलकत्त्याला निघून गेले. नवा माणूस आणायला वेळ नव्हता. तेव्हा क्लबने मागे वळून पाहिलं, तर परेरा उभे होतेच. करोनामुळे सगळे सामने गोव्यातच, बंद दाराआड, प्रेक्षकांविना. मी टीव्हीवर दोन-तीन पाहिले. खेळाडूंचं ओरडणं स्पष्ट ऐकू यायचं. माझ्या त्या विद्यार्थ्याचा फोन आला, रात्रपाळी संपवून घरी आला होता. म्हणाला, "सर, आवाज बंद करू नका, बॅक काय ओरडतात ते ऐका." मी ऐकलं. 'मॅन ऑन', 'स्टेप अप', मधूनच कोंकणीतली एखादी शिवी.

एफ.सी. गोवा त्या मोसमात नववा आला. पुढच्या मोसमाला पुन्हा स्पॅनिश प्रशिक्षक आले.